तीनशे पंचाहत्तरचा गवा

वसईजवळच्या गिरीज गावात बंदुकीतलं कळणारा माणूस एकच, तो म्हणजे प्लासिड! हे मत अर्थात प्लासिडचंच. जन्मात त्याने कधी बंदूक हातात धरली नव्हती, पण मुंबईच्या एका दुकानाचं सचित्र माहितीपत्रक त्याला तोंडपाठ होतं.

"हरणाला तीनशे पंधरा बोअरची बंदूक पुरे," तो शेजारच्या हरिश्चंद्रला सांगे. "सांबराला जरा दमदार हवी. आणि गव्याला? तीनशे पंचाहत्तरशिवाय नाव घ्यायचं नाही!"

"आणि वटवाघळाला रे?" हरिश्चंद्र विचारी. कारण प्लासिडच्या केळीच्या वाडीत उपद्रव होता तो वटवाघळांचाच!

आता परवाना मिळायचा पीक राखण्यासाठी. वटवाघळं लिहिली तर साहेब गोफण घ्यायला सांगतील. लोक जनावर बघून बंदूक ठरवतात. आमच्या प्लासिडने बंदूक ठरवून जनावर शोधलं! अर्जात बिनदिक्कत ठोकून दिलं, 'वाडीत गवा शिरतो. तीनशे पंचाहत्तरची रायफल मिळावी.'

पंधरा दिवसांनी निरोप आला, उद्या फॉरेस्टचे साहेब चौकशीला येताहेत. वाडीत तर गव्याचं शेपूटही कधी दिसलं नव्हतं. पण गडी हटतोय होय! पहाटे उठून त्याने घरची म्हैस सोडली, केळींतून दोन फेऱ्या मारून आणली आणि वर चार झाडं स्वतःच मोडली.

साहेबांनी खुरांचे ठसे पाहिले आणि त्यांचे डोळेच चमकले. "वसईत गवा! कमाल झाली!"

प्लासिडची छाती फुगली. "मग साहेब, तीनशे पंचाहत्तरच ना?"

"बंदुकीचं नाव काढू नका! नवा कायदा आलाय. गव्याला मारलंत तर थेट तुरुंग! वरून माणसं येऊन नोंद करीपर्यंत या वाडीत कुणी पाऊल टाकायचं नाही."

"किती दिवस?"

"महिना, दीड महिना."

प्लासिडने वाडीकडे पाहिलं. घड तयार, उद्याच तोडणी, गाडीसुद्धा सांगून ठेवलेली! वर्षाची मेहनत झाडावर सडणार. खरं बोलावं तर गावभर छी-थू, न बोलावं तर घर बसलं! तो मनातल्या मनात मरियामातेचा धावा करू लागला.

तेवढ्यात त्याची बायको आग्नेस म्हशीला ओढत पुढे आली. "साहेब, कसला गवा न कसलं काय! ही आमची म्हैस. ह्यांनीच फिरवली पहाटे. खूर जुळवून बघा!"

बायकोचा एवढा राग आणि एवढी माया प्लासिडला एकाच वेळी कधी आली नव्हती.

साहेबांनी आधी डोळे वटारले. मग खूर जुळवले आणि असे हसत सुटले, की त्यांना ओटीवर बसवून पाणी द्यावं लागलं. तोडणी ठरल्या दिवशी झाली.

अर्ज परत आला, तो हरिश्चंद्रने चहाच्या दुकानात मोठ्याने वाचला, "नामंजूर. बंदोबस्तास एक मजबूत दावे पुरेसे आहे."

ते म्हशीला बांधायचं की मालकाला, हे काही साहेबांनी लिहिलं नव्हतं. आग्नेसने दोन आणली!