मानसिंग मास्तरांच्या टाचेचा लाल दिवा

मानसिंग मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. उभ्या सोलापुरात आपल्याएवढं विज्ञान कुणालाच कळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत! तीन महिने त्यांची उजवी टाच ठणकत होती. सकाळी पाऊल टेकवलं की खिळ्यावर पडल्यासारखं व्हायचं. त्यात रविवारी शाळाशाळांच्या संचलनाची स्पर्धा! हेडमास्तरांनी बजावलं होतं, "लंगडलात तर शिट्टी पद्मजाबाईंकडे!"

पद्मजाबाई शिवण शिकवायच्या. शिवणाच्या बाई संचलन घेणार? मास्तरांना जेवण गोड लागेना.

"तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेका की," बायको प्रभा म्हणाली.

"जग चंद्रावर गेलं, नि तू अजून विटेवरच!"

मास्तरांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून शेकाचा लाल दिवा मागून आणला. डॉक्टर म्हणाले होते, दोन फुटांवर धरा, वीस मिनिटं. मास्तर हसले. दोन फुटांवर वीस, म्हणजे अर्ध्या फुटावर पाच! साधं गणित! दिव्याचा झोत नको म्हणून डोळे बांधलेल्या माणसाला घड्याळ कसं दिसणार, एवढंच त्या गणितात नव्हतं.

प्रभा बाजारात गेली. मास्तरांनी खाटेवर पायाशी पुस्तकांची चळत रचली, तिच्यावर दिवा ठेवला, डोळ्यांना काळं फडकं बांधलं आणि पालथे पडले. ऊब छान लागली. मास्तर घोरू लागले. चळत घसरली, दिवा गादीवर कलंडला, कापूस धुमसू लागला.

तळव्यांना चटका बसला तसे मास्तर जागे झाले. "वा! गुण येतोय!"

शेजारच्या सुंदरम्मांना खिडकीतून धूर दिसला. घाबरून त्यांना मराठी आठवेना. "मंटलु! मंटलु!" त्या तेलुगूत ओरडल्या. म्हणजे आग! आग!

मास्तरांनी ऐकलं 'मंडळी'. "मंडळी बाजारात गेल्यात! मागनं या!"

"मंटलु ओ मास्तरऽ!"

"अवो, सांगितलं की! घरात न्हाईत मंडळी!"

सुंदरम्मांनी दारातून हंडाभर पाणी फेकलं. ठाप्! दिवा फुटला, आळीची वीज गेली. मास्तर बांधल्या डोळ्यांनी उठले, धुमसत्या कापसावर दोन्ही पावलं रोवली आणि बोंबलत थेट गटारात उतरले. अख्खी आळी बघायला जमली.

रविवारी पद्मजाबाईंनी शिट्टी फुंकली. पोरं अशी चालली, जशी शिवणयंत्राची टीप! शाळेला पहिल्यांदाच ढाल मिळाली. हेडमास्तर माईकवर म्हणाले, "या यशाचं सारं श्रेय मानसिंगरावांच्या टाचेला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्चीत दोन्ही पाय बांधून बसलेल्या मास्तरांनीही वाजवल्या. काय करणार, हातच तेवढे शाबूत होते!