कोटाच्या खिशातलं मिशिगन

"बाबा, हे पाकीट पोस्टात टाकाल? आजच, प्लीज," म्हणत जेसिकाने सासऱ्यांच्या हातात एक लांबट पाकीट ठेवलं. जेसिका मूळची मिशिगनची. लग्नानंतर लंडनमध्ये एजवेअरला आली, तरी तिकडच्या मतदारयादीत तिचं नाव कायम होतं. पाकिटात तिची मतपत्रिका होती.

शशिकांतरावांनी ते कोटाच्या आतल्या खिशात, अगदी काळजापाशी ठेवलं. महिनाभर ते टीव्हीवर अमेरिकेचे नकाशे बघत होते. देशात एकूण मतं कुणाला जास्त, याने तिथे अध्यक्ष ठरत नाही. राज्यात जो एका मताने का होईना पुढे, त्याच्या झोळीत बहुतेक ठिकाणी अख्खं राज्य, हे त्यांना पाठ झालं होतं. आणि मिशिगन तर म्हणे काठावर होतं!

"आणि हा जुना कोट चॅरिटी शॉपला द्या," त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी पिशवी पुढे केली. "नवा अंगावर, जुना पिशवीत. उलटं करू नका."

बाहेर धुकं होतं. घरं, झाडं, लाल बस सगळं दुधात विरघळल्यासारखं. त्या धुक्यातून शशिकांतराव एका पांढऱ्या राजवाड्याच्या पायऱ्या चढू लागले. वर नवे अध्यक्ष हात जोडून उभे. "आपण कोण?" "मी जेसिकाचा सासरा." बँड वाजला. त्या तंद्रीत पोस्टाची पेटी मागे पडली. दान आलेले कपडे विकणाऱ्या त्या दुकानात उबारा होता, म्हणून त्यांनी कोट काढला. बाहेर आले ते जुना कोट घालून.

परत पेटीपाशी पोचल्यावर त्यांनी खिशात हात घातला. हाताला खोकल्याची एक जुनाट गोळी लागली.

ते धावतच दुकानात गेले. "तो कोट? काउंटरवरूनच विकला गेला," दुकानातली बाई म्हणाली. "हिरव्या टोपीवाले आजोबा होते. बस स्टॉपकडे गेले."

स्टॉपवर हिरवी टोपी होती आणि तिच्याखाली त्यांचा कोट.

"अरे देवा, हाच तो!" शशिकांतराव पुटपुटले.

"कोट माझा आहे. विकत घेतलाय," आजोबा चक्क मराठीत म्हणाले. "मी हाईम. भायखळ्याचा ज्यू. तुम्ही?"

शशिकांतरावांना रडू यायचंच बाकी राहिलं. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. हाईमनी पाकीट काढलं, उलटसुलट पाहिलं.

"मत कुणाला दिलंय?"

"ते गुप्त असतं हो!"

"मग पाकीटही गुप्त राहू दे. माझी बहीण राहते तिकडे. भलत्याच माणसाला मी माझ्या खिशातून अमेरिका देणार नाही."

"चांगल्याच माणसाला दिलंय."

"चांगला कोण?"

आता आली पंचाईत. शशिकांतरावांनी टोपीचा रंग पाहिला, हातातलं वर्तमानपत्र पाहिलं. गृहस्थ कुठल्या बाजूचे, काही कळेना. बस आली. हाईमनी पायरीवर पाय ठेवला.

"मला माहीत नाही!" शशिकांतराव ओरडले. "मी विचारलंच नाही तिला. पोरगी समुद्रापलीकडे आलीये, तिकडचं एवढंच तिच्या हातात उरलंय. विश्वासाने मला दिलं, आणि मी हरवलं. घरी काय तोंड दाखवू?"

हाईमनी पाय खाली घेतला. बस निघून गेली.

"हे आधी सांगायचं ना," ते म्हणाले. दोघे धुक्यातून पेटीपर्यंत चालत गेले. पाकीट हाईमनीच आत टाकलं आणि पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले. "निकाल लागला की कळवा," म्हणत त्यांनी आपला फोन नंबर दिला.

संध्याकाळी शशिकांतरावांनी सुनेपुढे गुन्हा कबूल केला. जेसिका हसत सुटली.

"बाबा, प्रेसिडेंटचं मी शेवटच्या मिनिटाला ठरवलं. खरं मत होतं आमच्या ड्रेन कमिशनरला."

"म्हणजे गटारांचा साहेब? तोही निवडून देतात?"

"हो! सगळं एकाच कागदावर. बर्फ वितळलं की मम्मीच्या तळघरात गुडघाभर पाणी. हा माणूस नवा नाला काढतो म्हणालाय."

त्यानंतर शशिकांतरावांच्या स्वप्नांतला राजवाडा मागे पडला. तिथे एक तळघर आलं. पायऱ्यांवर जेसिकाची आई बसलेली, आणि पाणी हळूहळू ओसरत चाललेलं.

मतमोजणी कित्येक दिवस रखडली. एका दुपारी टीव्हीवर तोच नकाशा लुकलुकत असताना जेसिका वरून धावत आली. "बाबा, आमचा ड्रेनवाला जिंकला! एका मताने!"

शशिकांतराव उठले, टीव्ही बंद केला आणि हाईमना फोन लावायला गेले. अध्यक्ष कोण झाला, हे त्यांना दोन दिवसांनी वैजयंतीबाईंनी सांगितलं.