उजव्या पायांचं पोतं

माझ्या नव्या कोऱ्या चपला चोरीला गेल्या नसत्या, तर पुढचं काही घडलंच नसतं. दाराबाहेरच्या रॅकवरून कोणीतरी त्या अलगद उचलल्या आणि बायको म्हणाली, "बुटांच्या दुकानात काम करणाऱ्याच्या दारातून चपला जाव्यात म्हणजे कमालच झाली." ती हे अगदी सहज म्हणाली, पण मला झोंबलं. (मला बरीच वाक्यं झोंबतात. बायकोची तर जवळजवळ सगळीच.)

दुकानात मी स्टॉक सांभाळतो. आमच्या धंद्यातली एक खुबी सांगतो. काचेच्या कपाटात आम्ही प्रत्येक जोडातला फक्त डावा बूट मांडतो. उजवा आत, गोडाऊनमध्ये. एकटा डावा बूट पळवून चोर बिचारा करणार काय?

आणि ह्या एकट्या बुटाची इंग्रजीत काय ऐट असते म्हणून सांगू. काचेत मांडला की तो 'पीस'. आत अंधारात जोडीदाराची वाट बघत पडला की 'सिंगल'. जोडीदार कायमचा हरवला की 'ऑड'. ऑर्डर देऊन खास बनवून घेतलेला, दुसरीकडे कुठे मिळणार नाही असा असेल तर 'युनिक'. आणि दोन्ही पाय एकत्र आले की ते दोघं मिळून एक 'युनिट'. लग्न झालं तेव्हा मी बायकोला मोठ्या कौतुकाने म्हटलं होतं, "आता आपण दोघं म्हणजे एक युनिट." ती म्हणाली, "एक म्हणा की सरळ. वस्तू एकच असते, तिला इतकी नावं कशाला?" शब्दांची आवड सगळ्यांनाच नसते.

तर मी ठरवलं, दुकानातली पद्धत घरी आणायची. दाराबाहेर सगळ्यांचे फक्त डावे बूट. उजवे घरात, एका पोत्यात, आणि पोतं पॅसेजमध्ये.

"ठेवा काय ठेवायचं ते," बायको म्हणाली. "सकाळी निघताना माझा बूट हाताशी मिळाला पाहिजे, बाकी मला काही सांगू नका."

पद्धत झकास चालली. चोरी एकदम बंद. फक्त समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त कंपाउंडर एकदा जिन्यात थांबून हलक्या आवाजात म्हणाले, "विचारू नये, पण तुमच्याकडे सगळ्यांच्याच उजव्या पायाला काय झालंय?" मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. तेव्हापासून ते मला पाहिलं की जिना सोडून लिफ्टने जातात.

आता मुख्य गोष्ट. बायको विमा कंपनीत तक्रार विभागात आहे. त्या विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं होतं आणि ते तिला मिळावं हा तिचा हक्कच होता. वर्षानुवर्षं लोकांच्या शिव्या हसतमुखाने ऐकत आली आहे बिचारी. पण दुसऱ्या उमेदवार बाईंनी मोठ्या मॅडमना आधीच घरी जेवायला घातलं होतं. म्हणून बायकोने मॅडमना आणि त्यांच्या यजमानांना शनिवारी चहाला बोलावलं. माझ्यासाठी दोन सूचना होत्या: दुकानाविषयी बोलायचं नाही आणि इंग्रजी झाडायचं नाही. (थोडक्यात, गप्प बसायचं.)

पाहुणे आले. दारात बूट काढले, आत बसले. मॅडम गंभीर, साहेब हसरे. सासूबाई राहायला आल्या होत्या, त्यांनी केक कापला. मॅडम म्हणाल्या, "माझ्या ऑफिसात प्रत्येक इंडिव्हिज्युअलला मान आहे." तो शब्द ऐकून माझ्या जिभेला खाज सुटली, पण बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी शब्दाऐवजी बिस्कीट गिळलं. तिथे बसून काही उपयोग नव्हता, म्हणून उगाच दारापर्यंत जाऊन आलो.

तिथेच घात झाला. बाहेर मॅडमचे आणि साहेबांचे बूट जोडीने, उघड्यावर, चोराच्या स्वाधीन. माझ्या हाताला सवय. दोन्ही उजवे उचलले, पोत्यात टाकले आणि समाधानाने परत येऊन बसलो.

पॅसेजमध्ये त्या दिवशी दोन पोती होती, हे सांगायचं राहिलं. दुसरं पोतं दुकानाचं. त्यात ऑड बूट. ते आम्ही टेम्पोने एका कारखान्यात पाठवतो, तिथे त्यांचा भुगा करून व्यायामशाळेतल्या चटया बनवतात. भुगा व्हायच्या आधी एखाद्याची जोडी जुळते का बघावं म्हणून मी ते घरी आणलं होतं. टेम्पोवाला सोमवारी येणार होता. तो शनिवारीच आला, कारण त्याला ह्याच बाजूला काम निघालं.

बेल वाजली तेव्हा सासूबाई उठल्या. थोड्या वेळाने परत येऊन बसल्या. तासाभराने पाहुणे निघाले. मी लगबगीने पोतं उघडलं. आत एकही ओळखीचा बूट नव्हता.

"आपल्या घरच्या बुटांचं पोतं कुठे गेलं?"

"टेम्पोवाला मागायला आला होता ना, त्याला दिलं," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, पण ते का दिलं? हे द्यायचं होतं."

"हे जड होतं. माझी कंबर धरलीय."

मॅडम दारात उभ्या. एका पायात बूट, दुसरा पाय थंड लादीवर. "माझा उजवा बूट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. मी पद्धत सांगितली. पीस सांगितला, सिंगल सांगितला, ऑड सांगितला, भुगा सांगितला. बायकोने डोळे मिटून घेतले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझ्या टाचेला त्रास आहे. ते बूट मी मापं देऊन करून घेतलेत."

"म्हणजे युनिक," मी म्हणालो. (हे मी का म्हणालो, मला आजही कळत नाही.)

मी स्कूटरची किल्ली घेऊन धावलो. साहेब म्हणाले, "थांबा, मीपण येतो." त्यांना घरात मॅडमसमोर थांबायचं नव्हतं, हे मी नवरा असल्यामुळे लगेच ओळखलं. खाली गेलो आणि लक्षात आलं की माझाही उजवा बूट पोत्यातच गेलाय. आमची स्कूटर जुनी, किक मारून सुरू होणारी, आणि किक उजव्या पायाची. अनवाणी पायाने किक मारून बघा एकदा. मी मारत होतो आणि कळवळत होतो. मग साहेबांनी मारून पाहिली. त्यांचाही उजवा अनवाणीच. वरून कंपाउंडर खिडकीतून पाहत होते. एकेकच बूट घातलेले दोन जाणते पुरुष आळीपाळीने स्कूटरला लाथा घालताहेत आणि विव्हळताहेत, हे पाहून त्यांनी हळूच पडदा ओढला.

कारखान्यात पोचलो तेव्हा बूट मशीनमध्ये नेणारा पट्टा बंद होता. मशीनवाला हात बांधून उभा होता. मी धापा टाकत म्हटलं, "आमचं पोतं..."

"माहिताय," तो म्हणाला. "तुमच्या बाईसाहेबांचा फोन आला. पहिला बूट आत गेला तेवढ्यात. काय आवाज आहे हो त्यांचा. एक शब्द चढा नाही, पण माझा हात आपोआप बटणावर गेला."

आम्ही स्कूटरला लाथा घालत होतो तेवढ्यात बायकोने दुकानमालकाला फोन करून कारखान्याचा नंबर मिळवला होता, मशीन थांबवलं होतं, पोतं बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं, आणि मधल्या वेळात मॅडमच्या टाचेला शेक देऊन त्यांना दुसरा चहा पाजला होता.

मॅडमचा बूट शाबूत होता. भुगा झाला तो साहेबांचा. मी काकुळतीला येऊन माफी मागायला लागलो, तर त्यांनी तो भुगा चिमटीत धरून पाहिला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "हिने वाढदिवसाला घेतलेले. सारखे चावायचे. तुमचे उपकार कसे फेडू?"

पाहुणे गेले. मॅडमनी जाताना उजवा बूट दोनदा उलटसुलट तपासून मग पायात घातला. बायकोने रात्री माझी उशी बाहेरच्या खोलीत टाकली. रविवारी मी पद्धत मोडली आणि सगळे बूट जोडीने बाहेर लावले. मला खरंच वाईट वाटत होतं. इतक्या वर्षांची तिची मेहनत, आणि मी तिचा भुगा करून ठेवला होता.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली ती पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून. प्रमुखपद तिलाच मिळालं होतं.

"कसं काय?" मी विचारलं.

"मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणाल्या, पट्टा कसा थांबवला ते मी समोर बसून पाहिलंय. आणि घरी असं स्पेसिमेन असूनही जी आवाज न चढवता बोलू शकते, तिला तक्रार विभाग म्हणजे विश्रांतीच."

मी विचारात पडलो. एकट्या वस्तूचा, एकट्या माणसाचा इतका भारदस्त शब्द, आणि आमच्या दुकानात नाही म्हणजे काय. "स्पेसिमेन," मी म्हणून पाहिला. छान वजनदार वाटला. "शास्त्रज्ञ लोक जपून ठेवतात तेच ना?"

"हो," बायको म्हणाली. "बाटलीत."

सासूबाई कोपऱ्यात कंबर शेकत बसल्या होत्या. "मराठीत काय म्हणतात ह्याला?" त्यांनी विचारलं.

"नमुना," बायकोने सांगितलं.

सासूबाईंनी शेकायची पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. "मग त्यात तुझ्या मॅडमनी नवीन काय सांगितलं," त्या म्हणाल्या. "मुलगा बघून आले तेव्हा मी तुझ्या बाबांना हेच म्हटलं होतं."