न फाटणारी पिशवी आणि सासूबाईंची आंबील

आमची पिशवी फाटत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे रसिकाने शेवटी जाहिरात घुसडली असं कोणी म्हणायला नको. आपटा, तुडवा, वर नाचा! तुमचा धीर फाटेल, पिशवी नाही!

भाजीची पिशवी नव्हे हो. लस आणि औषधं करायला जिवंत पेशी वाढवाव्या लागतात. पूर्वी त्या स्टीलच्या टाक्यांत वाढायच्या, आता मऊ, पारदर्शक पिशव्यांत वाढतात. आतला थर औषधाला जपणारा, मधला हवेला अडवणारा, बाहेरचा मार खाणारा. एकदा वापरायची आणि फेकायची. या पिशवीची प्लास्टिकची फिल्म आमच्या नोएडाच्या कारखान्यात मी डोकं फोडून, शिव्या खाऊन बनवलीय. आणि आमचे नीरज सर! परदेशातून आलं तर मीठसुद्धा गोड लागणारा माणूस. रोज तेच, "रसिका, यार, अपना माल दिखाने के लिए ठीक है. चलाने के लिए बाहर से मंगवा लेते हैं."

बडोद्याच्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी हेड क्षिप्रा मॅडम सोमवारी नमुना बघायला येणार होत्या. त्यांनी नाक मुरडलं की आमची मशीन भंगारात, मशीनवरची माणसं घरी, आणि मी आयात मालावर लेबलं चिकटवायला! सर ऐन वेळी माझा नमुना दडवून परदेशी पिशवी पुढे करतील, याची मला शंभर टक्के खात्री होती. म्हणून मी तो नमुना उचलला आणि सरळ घरी आणला. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं यतीनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सरकारी क्वार्टर. त्यातलं लोखंडी कपाट, आणि त्या कपाटावर माझी पिशवी. सरांचा बापसुद्धा पोचणार नाही!

प्लॅन बिनचूक होता. फक्त त्यात सासूबाई धरायच्या राहिल्या होत्या.

रविवारी सकाळी उठून बघते तर कपाट रिकामं.

"आई! कपाटावरची पिशवी कुठंय?"

"बाल्कनीत," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "आंबील भरलीय."

मी बाल्कनीत धावले. माझी पिशवी तिथे टबात बसली होती. बसली होती म्हणजे अक्षरशः बसली होती! लग्नात चौथ्यांदा जिलबी घेतलेल्या व्याह्यासारखी, पोट सुटून, तृप्त.

झालं होतं असं की, संध्याकाळी नोएडाच्या महाराष्ट्र मंडळाचा मेळावा. त्यात आंबिलीचा स्टॉल सासूबाईंचा. गेल्या वर्षी डब्यांतून सांडलेल्या आंबिलीवरून मंडळाच्या अध्यक्षीणबाई सगळ्यांदेखत काहीतरी बोलल्या होत्या, ते सासूबाईंच्या मनात सलत होतं. माझी नळीवाली पिशवी दिसली आणि त्यांना देव भेटला. शनिवारी मी कारखान्यात असताना नळीला नरसाळं लावून त्यांनी नाचणीची, ताकातली आंबील ओतली आणि चिमटा लावून टाकला. पुढचं काम दिल्लीच्या मे महिन्याने केलं. आंबील आंबली, फसफसली. हवा बाहेर पडेना, कारण हवा अडवणारा थर मीच इतका चोख बनवला होता!

"आई, ती पिशवी एकदाच वापरायची असते हो!"

"मग एकदाच वापरलीय की. धुऊन वाळत घातल्यावर पुढचं बघू."

या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळतात. श्रीखंडाच्या डब्यांतून तीन पिढ्यांची हळद गेली. या बाईला मी 'सिंगल यूज' कोणत्या तोंडानं समजावू!

"आधी हवा तरी काढा," यतीन म्हणाला आणि त्याने चिमटा काढला. काहीच झालं नाही. नळीत नाचणीची गुठळी घट्ट बसली होती.

"कापूया का?" यतीनने विचारलं.

"माझी पिशवी?" मी ओरडले.

"माझी आंबील?" सासूबाई ओरडल्या.

तो निमूट आत जाऊन पेपर वाचू लागला. मंत्रालयात वीस वर्षं काढलेला माणूस, कुठे मत द्यायचं नाही हे त्याला बरोबर कळतं.

तेवढ्यात नीरज सरांचा फोन! "रसिका, क्षिप्रा मॅडम आज ही आ गयीं. मैं एअरपोर्ट से ला रहा हूँ. और सैंपल कहाँ है? स्टोर में तो नहीं है! फौरन लेकर आओ, नहीं तो मैं बाहर वाला दिखा दूँगा."

बघा! बोलले होते की नाही?

दुसरा नमुना काढायचा तर स्टोअरची किल्ली सरांकडे. मी पिशवी गाडीत मागच्या सीटवर बसवली, पट्टा लावला. शेजारी सासूबाई. "मला मंडळात सोड आणि मग तुझी पिशवी ने," असं फर्मान. वाटेत पिशवी फुगत होती. आश्रमच्या सिग्नलला ती सासूबाईंच्या खांद्याला टेकली, महाराणी बागेला त्यांच्या कडेवर आली!

नोएडाच्या हद्दीवर तपासणी चालू होती. दिल्लीतून दारू आणणाऱ्यांना पकडतात तिथे. हवालदाराने खिडकीतून डोकं घातलं, नाक वर केलं आणि त्याचे डोळे चमकले.

"मैडम, ये क्या माल है?"

"आंबील," मी म्हटलं.

"आंबील? देसी है?"

"एकदम देसी!" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "घर में बनाया है. कल से आंबवत रखा है."

"कल से! कितनों को पिलाती हो?"

"पूरे मंडल को! छोटे बच्चे को भी देते हैं. पोट थंड रहता है."

"बच्चों को भी!" हवालदार दोन पावलं मागे सरकला. "उतारो इसे!"

मी पट्टा सोडला आणि दार उघडलं. दाबून बसलेली ती बया एकदम सुटली! टणकन रस्त्यावर पडली, उसळली, आणि उतारावरून निघाली. मागे हवालदार, त्याच्या मागे मी, माझ्या मागे पदर खोचलेल्या सासूबाई! समोरून ई-रिक्शा आली. रिक्शावाल्याने ब्रेक दाबला, पण पुढचं चाक पिशवीवर चढलंच. रिक्शा वर उचलली गेली आणि नंदीबैलासारखी मान डोलावत तिथेच उभी राहिली.

मी डोळे मिटले. माझी मशीन, माझी माणसं, माझी सगळी वर्षं त्या चाकाखाली.

आवाज आला नाही. डोळे उघडले. पिशवी दबली होती, फाटली नव्हती! एक थेंब नाही! मात्र त्या दाबाने नळीतली गुठळी गोळीसारखी सुटली आणि मागोमाग आंबिलीची धार थेट हवालदाराच्या मिशांवर!

सगळा रस्ता थांबला. हवालदाराने जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.

"अरे," तो म्हणाला, "ये तो छाछ है!"

"मेलं लक्षण तुझं, मघापासून काय सांगतेय!" सासूबाई म्हणाल्या.

अडकलेल्या गाड्यांत एका गाडीचं दार उघडलं आणि कोण उतरावं? नीरज सर! आणि शेजारी चष्मा सावरत, उंच, खादीच्या कुडत्यातल्या क्षिप्रा मॅडम. मला बघून सरांचा चेहरा पांढराफटक.

"मॅडम, ये हमारा प्रॉडक्ट नहीं है," ते घाईघाईने म्हणाले. "लोकल माल है कोई."

मॅडम वाकल्या. पिशवीवर आमच्या कंपनीचं नाव छापलेलं होतं, ते त्यांनी मोठ्याने वाचलं. मग चाकाखालची फिल्म बोटाने दाबून, ताणून बघितली. "नीरजजी, आप तो गाड़ी में कह रहे थे कि आपकी फिल्म कमज़ोर है?"

"ते खोटं बोलत होते!" मी तोफ डागली. "फिल्म माझी आहे. मला कोणाच्या बापाची भीती नाही. हिच्यापेक्षा चांगली बाहेरची दाखवा, मी नोकरी सोडते!"

"तुम्ही मराठी?" मॅडम हसल्या. "मी बडोद्याची, पण घरी मराठीच. आणि ही आंबील का? आजोळनंतर चाखलेली नाही हो!"

सासूबाईंनी पर्समधून पेला काढला. त्यांच्या पर्समध्ये पेला असतो.

मॅडमनी दोन पेले घेतले, हवालदाराने चार. रिक्शावाल्याने नुकसानभरपाई म्हणून बाटली भरून नेली. मंडळात उरलेली आंबील नळीतून सुळसुळ वाढली, थेंब सांडला नाही, आणि अध्यक्षीणबाईंनी पुन्हा मागितली. सासूबाईंनी दिली, पण अर्धाच पेला.

स्वच्छतेच्या चाचण्यांसाठी मॅडमनी नव्या पिशव्या लॅबला नेल्या. सगळ्या पास! ऑर्डर आली, मोठी आली, मशीन तीन पाळ्यांत धावू लागली. नीरज सर आता सगळीकडे सांगतात की रस्त्यावर जाहीर प्रात्यक्षिक घ्यायची कल्पना त्यांचीच होती. सांगोत! परदेशी पिशव्या स्टोअरमध्ये धूळ खातायत, ते मला पुरे.

फक्त करारात एक अट आहे. दर बॅचमधली एक पिशवी आंबील भरून, उन्हात ठेवून, आपटून दाखवायची. मी सासूबाईंना गळ घातली, तर म्हणाल्या, "पगार तुला आहे ना? मग ढवळ."

त्यामुळे नोएडातल्या अत्याधुनिक कारखान्याच्या गच्चीवर, डोक्याला टोपी, हातात मोजे घालून फिल्म विभागाची प्रमुख नाचणी ढवळत असते. परवा मॅडम स्वतः तपासणीला आल्या होत्या. त्यांचा अहवाल आला. फिल्म उत्कृष्ट. आंबिलीत मीठ कमी, सुधारणा अपेक्षित.