दोन इंची धुराडं

इंधन जाळल्यावर किती वायू तयार होतो, हे गणित माझ्याहून चांगलं कुणाला येत असेल, तर त्यानं खुशाल समोर यावं! बावीस वर्षं अकरावीला रसायनशास्त्र शिकवतोय. हे गणित मी झोपेतही सोडवतो. माझा वर्ग ते झोपेतच ऐकतो, हा भाग वेगळा. म्हणूनच ताईच्या नव्या लाँड्रीत बॉयलरचं धुराडं बसवायला आलेला पत्र्याचा मिस्त्री नुसता बर्नर बघून "सहा इंची पाइप लागेल" म्हणाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"सहा कशावरून?"

"अंदाज, सर. इतकी वर्षं हेच करतोय."

"अंदाज? हे विज्ञान आहे, भाजीतलं मीठ नाही!"

नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर मी पेन्सिलीनं गणित मांडलं. "बघा. एक भाग प्रोपेन, पाच भाग ऑक्सिजन. तयार काय होतं? तीन भाग कार्बन डायऑक्साइड आणि चार भाग पाणी. पाणी द्रवरूप, ते धरायचं नाही. तुमचा बर्नर तासाला दोन घनमीटर गॅस खातो. बे त्रिक सहा! एवढ्याशा वायूला सहा इंची पाइप? त्यातून बोकड जाईल बोकड! दोन इंची बसवा."

मिस्त्रीनं ताईकडे बघितलं.

"बसवा," ताई म्हणाली. "हा कधी चुकत नाही. लहानपणापासून घराला हाच त्रास आहे."

ताईनं अठरा वर्षांची नोकरी सोडून ही लाँड्री काढली होती. पहिलंच काम हॉस्पिटलचं. दोनशे चाळीस चादरी, संध्याकाळी पाचला गाडी येणार. चादरी पसंत पडल्या तर वर्षभराचं काम, नाही तर दुसरी लाँड्री.

सकाळी बर्नर पेटला. निळी, देखणी ज्योत! मी मिस्त्रीकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घालावी. त्यानं घातली नाही. धुतलेल्या चादरी दोरीवर चढेपर्यंत ज्योत पिवळी झाली आणि धूर वर जायचा सोडून बर्नरच्याच तोंडातून बाहेर यायला लागला.

"तुम्ही जोड नीट मारला नाहीत!" मी ओरडलो.

"जोड पक्का आहे. पाइप बारीक पडतोय, सर."

"गणित चुकत नसतं! बाहेरचा वारा धूर मागे ढकलतोय. खिडक्या लावा!"

ती दोघं खिडक्या लावेनात, म्हणून मीच तणतणत सगळ्या लावल्या. मग बर्नर जो भडकला! काजळीचा असा लोट बाहेर आला की दोरीवरच्या चादरी, पांढरी भिंत आणि मी, तिघांचा रंग एक झाला. ताईनं गॅसचा कॉक बंद केला आणि माझी कॉलर धरून मला बाहेर ओढलं. रस्त्यावर उभे राहून आम्ही तिघं खोकत होतो. मी खोकताना भांडतही होतो.

मिस्त्रीनं शांतपणे विचारलं, "सर, तो पाच भाग ऑक्सिजन कुठल्या सिलिंडरमधून येतो?"

"सिलिंडर कसला? हवेतून येतो!"

"मग हवेतलं बाकीचं कुठं जातं?"

हवेत पाचातले चार भाग तर नायट्रोजनच! तो जळत नाही, पण पाइपातूनच बाहेर पडतो. अडतीस घनमीटर तो. त्या उष्णतेत पाणी द्रवरूप कुठलं राहतंय? आठ घनमीटर वाफ. शिवाय तापलेला वायू फुगणार. माझे सहा घनमीटर ऐंशीच्या वर गेले!

"पुस्तकात 'ऑक्सिजनमध्ये जाळले असता' असं दिलेलं असतं!" मी गरजलो. "पुस्तकच नालायक!"

"पुस्तकानं खिडक्या लावल्या का?" ताई म्हणाली. "घरदार नको म्हणत असताना मी नोकरी सोडली. आज पहिला दिवस रे माझा!"

ती रडेल असं वाटलं. ती रडली असती तर परवडलं असतं. तिनं डोळे पुसले आणि मिस्त्रीला म्हणाली, "सहा इंची आणा. आणि हा मध्ये बोलला तर ह्यालाच पाइपात घाला."

साडेबाराला नवं धुराडं लागलं. चादरी पुन्हा धुतल्या. सगळ्यात शेवटी माझे कपडेही मी निमूटपणे मशीनमध्ये टाकले.

"तू आता फक्त चादरी मोज," ताईनं बजावलं. "एक ते दोनशे चाळीस. ह्यात नायट्रोजन नाही."

पाचला गाडी दारात आली. मी मोजल्या. दोनशे एकोणचाळीस! पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. माझा पारा चढला.

"मिस्त्री, हात पुसायला चादर घेतलीत ना? कबूल करा! हॉस्पिटलचा माल आहे, लाज वाटत नाही?"

मिस्त्री नुसता माझ्याकडे बघत राहिला. ताई आतून आली, तीही बघत राहिली.

"शहाण्या, तुझे कपडे कुठे आहेत?"

"मशीनमध्ये! पण त्याचा इथं काय संबंध?"

"मग अंगाला काय गुंडाळलंयस?"

ड्रायव्हर भला माणूस. "एक उद्या द्या, ताई, बाकीच्या झकास आहेत," म्हणत दोनशे एकोणचाळीस चादरी घेऊन गेला. दोनशे चाळिसावी मी घरी पोचेपर्यंत सोडली नाही. भर रस्त्यात सोडणार तरी कशी!