चालू ठेवलेली गाडी

"काय गाव आहे बाप्पा हे!" सासरे वासुदेवराव मागच्या सीटवरून करवादले. "चिटपाखरू नाही रस्त्यावर. इथं मेलो तर कुत्रं विचारणार नाही."

देवदत्त कसनुसं हसला. अमेरिकेच्या माँटाना राज्यातल्या या टीचभर गावात, इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी त्याने नुकतीच धरली होती. त्याची बायको देवयानी अजून तिच्या नोकरीपायी शिकागोजवळच्या नेपरव्हिललाच होती. नागपूरहून आलेल्या तिच्या बाबांना गाव आवडलं, तरच ती येणार होती. म्हणून २००५च्या ऐन जानेवारीत त्याने दोघांनाही इथे आणलं होतं.

दुकानासमोर त्याने गाडी चालूच ठेवली. बाबा शालीत गुरफटून घोरायला लागले होते.

"अरे, किल्ली?" देवयानी म्हणाली.

"बंद केली तर बाबा गारठतील. इथे सगळे अशीच ठेवतात. चोरी हा प्रकारच नाही!"

दूध-ब्रेड घेऊन दोघं कुडकुडत बाहेर आली, चंदेरी गाडीत शिरली आणि निघाली.

"बाबा, थंडी वाजतेय का?" देवयानीने विचारलं. मागून गुरगुर ऐकू आली.

"चिडलेत," देवदत्त कुजबुजला. "बोलू नकोस."

थोडं पुढे गेल्यावर त्याच्या कानाला काहीतरी थंडगार, ओलं लागलं. त्याने करकचून ब्रेक दाबला. मागे घोंगडीतून वासराएवढा कुत्रा बाहेर आला होता.

"अरे, ही आपली गाडी नाहीये!" देवयानी किंचाळली. "बाबा कुठेत? त्यांचं कानाचं यंत्रसुद्धा माझ्या पर्समध्ये आहे!"

दोघं माघारी आली. त्यांची गाडी गायब होती. देवदत्त रस्ताभर नजर फिरवू लागला. सासरे हरवले, वर परक्याची गाडी पळवली, आणि आपण व्हिसावर! तेवढ्यात शेरीफची, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाची, गाडी शेजारी थांबली. देवदत्तने दोन्ही हात वर केले.

"हात खाली घे, बोटं गोठतील," शेरीफ म्हणाला. "या गाडीच्या मालकिणीचा, रूथचा फोन होता. चुकून तुझी गाडी घेऊन ती चर्चच्या हॉलवर गेली. म्हणाली, त्या पोराला सांग, माझ्या गाडीत पेट्रोल कमी आहे."

"आणि आमचे बाबा?"

"कोणते बाबा?" शेरीफचा चेहरा उतरला.

हॉलबाहेर त्यांची गाडी उभी होती. मागचं दार सताड उघडं. सीटवर नुसती शाल. देवयानीला रडू कोसळलं. बर्फात मात्र पावलांचे ठसे होते, ते थेट हॉलच्या दारापर्यंत. देवदत्त धावत आत शिरला.

शेगडीजवळ तीन म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बाबा बसले होते. मांडीवर ॲपल-पायची बशी, हातात पत्ते.

"बाबा!"

"ओरडू नको. यंत्र दे आधी," बाबांनी पत्त्यांवरून नजर काढली नाही. "हा टोपीवाला चिटिंग करून राहिला."

मागोमाग आलेल्या देवयानीने पर्समधलं यंत्र त्यांच्या कानात बसवलं. "घरी चला नं. जीव अर्धा झाला आमचा."

"डाव सोडून? आणि उद्या जोडी ठरली आहे आमची, या रूथबाईशी." बाबांनी एक पत्ता टाकला. "पोरी, तुझी नोकरी आहे तिकडे, तू जा बिनधास्त. माझा व्हिसा जूनपर्यंत आहे. मी राहतो नं जावईबापूंजवळ."

देवयानीने डोळे पुसले आणि आनंदाने मान डोलावली. देवदत्त मात्र एका खोलीच्या आपल्या घरात दुसरी खाट कुठे मावेल, याचा हिशोब करत दारातच उभा राहिला.