वटवट्याची पोच

आष्टेगावच्या तळ्यावर हिवाळा काढायला आलेल्या कुठल्याही पक्ष्याला, पक्षीमित्र मंडळाने पाहिल्याची पोच मिळाल्याशिवाय, मार्चमध्ये परत उत्तरेला जाता येत नाही. पोच म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. तीन बोटं रुंदीची गुलाबी चिठ्ठी असते, तिच्यावर पक्ष्याचं नाव, संख्या, खुणा, तारीख आणि सचिवांची सही. पक्षी ती पायाला गुंडाळून घेतो आणि निघतो. मुदत एकतीस मार्च, दुपारी बारापर्यंत. त्यानंतर जो राहिला तो ऑक्टोबरपर्यंत राहिला.

मंडळाचे सचिव भास्कर ओतारी. एकतीस वर्षं त्यांनी आष्टेगावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली, आणि गाडी वेळेवर सुटली पाहिजे यापलीकडे आयुष्याकडून काही मागितलं नाही. निवृत्त झाल्यावर मंडळाने त्यांना घरी येऊन सचिवपद दिलं. भास्कररावांना वाटलं, पक्ष्यांचं काय, ना पंक्चर ना डिझेल, सोडले की सुटले. कसलं डोंबलाचं सुटतात!

पक्ष्यांचा काही त्रास नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पक्षी शिस्तीचे. मार्च लागला की रविवारी सकाळी सहाला ते बंधाऱ्याशी येऊन उभे राहायचे. चक्रवाक जोडीजोडीने, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उंचीप्रमाणे, बदकं आपापल्या गटात. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, हजारांनी येतात म्हणून त्यांना अख्ख्या थव्याला मिळून एकच पोच, आणि त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नसे.

त्रास होता तो माणसांचा. मंडळाची सहल बारा जणांची. भास्करराव धरून बारा. त्यांतल्या नऊ जणांना दुर्बिणीतून नुसतं धुकं दिसायचं, कारण ती उलटी धरलेली असायची किंवा तिचं झाकण काढलेलं नसायचं. ते एकमेकांचे फोटो काढायचे, कुणाच्या मुलाचं कुठे जमलं ते बोलायचे, आणि हात वर करा म्हटलं की शेजारच्याचा हात बघून आपला वर करायचे. खरे बघणारे दोघेच. एक होनरावबाई, कन्याशाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. दुसरे डॉक्टर चिंचोरे, दातांचे. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी एवढी लांब की ती धरायला तिपाई लागे. हे दोघे एकमेकांशी सहमत झाल्याचं आष्टेगावात कुणी ऐकलेलं नव्हतं.

आणि नियम होता एकमताचा. अकरा वर्षांपूर्वी एका भोवत्यावरून, म्हणजे ससाण्यासारख्या एका शिकारी पक्ष्यावरून, मंडळात एवढी जुंपली की दोन घरांतली लग्नाची बोलणी मोडली. तेव्हापासून ठरलं, हजर असलेल्या सगळ्यांना नाव मान्य असेल तरच पोच. एक हात जरी खाली राहिला तरी पक्ष्याने पुढच्या रविवारी यायचं. मागच्या वर्षी एक तुतवार पक्षी असाच लटकला. चार रविवार आला बिचारा. मग एप्रिल आला, मे आला, तळं आटलं. त्याचं पुढे काय झालं ते भास्करराव कुणाला सांगत नाहीत.

त्या वर्षी एकतीस मार्च रविवारीच आला. साडेदहापर्यंत बंधारा रिकामा झाला आणि भास्कररावांनी टोपी काढून घाम पुसला. तेवढ्यात बाभळीतून एक पक्षी खाली उतरला आणि टेबलावरच्या नोंदवहीसमोर उभा राहिला. अंगठ्याएवढा, मातकट हिरवा, धड ठिपका नाही की पट्टा नाही.

"मागच्या चारही रविवारी आलो होतो, साहेब," तो म्हणाला. "दर वेळी नावावर अडलं. आमची बाकीची मंडळी पोच घेऊन मंगळवारी गेली. मी तेवढा राहिलोय."

भास्कररावांनी वही पुन्हा उघडली. त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. नऊ जण थालीपिठाच्या डब्याभोवती बसले होते, ते हात पुसत आले. होनरावबाईंनी पक्ष्याकडे एकदा पाहिलं.

"हिरवा पर्णवटवट्या," त्या म्हणाल्या. "लिहा."

"टिकेलचा पर्णवटवट्या," डॉक्टर म्हणाले. "हिरव्याच्या पंखावर फिकट रेघ असते. कुठाय रेघ?"

"झिजली, साहेब," पक्षी म्हणाला. "सहा महिने काटेरी बाभळीत काढलेत. येताना होती."

"येताना होती असं सगळेच म्हणतात."

भास्करराव पक्ष्याकडे वळले. "बाबा रे, तूच सांग ना कोण आहेस ते. तुला तर माहीत असेल!"

"मी हिरवा," पक्षी म्हणाला.

"बघा!" बाई म्हणाल्या.

"काय बघा?" डॉक्टर म्हणाले. "आपण पक्षीनिरीक्षण करतो बाई, पक्ष्यांची मुलाखत घेत नाही. उद्या पेशंट येऊन म्हणेल माझी दाढ किडलेली नाही, मग काय घरी पाठवू? पक्ष्याचं मत या कामात धरत नाहीत."

हे खरंच होतं. नियमावलीत तसं होतं.

अकरा वाजता पहिल्यांदा हात मोजले. हिरव्याला सात, टिकेलला पाच. सव्वाअकराला पुन्हा मोजले, कारण दोघांना पहिल्या वेळी प्रश्नच कळला नव्हता. आता सहा-सहा. मग डॉक्टरांनी पक्ष्याला डावीकडे वळायला सांगितलं, बाईंनी उजवीकडे. डॉक्टरांनी आवाज काढायला सांगितला. पक्ष्याने काढला. बाई म्हणाल्या, ऐकलंत? डॉक्टर म्हणाले, ऐकलं ना, टिकेलच. नऊ जणांपैकी एक बाई मध्येच म्हणाल्या, "चिमणीच असेल हो, काय एवढं!" आणि भास्कररावांना हातातली वही पाण्यात भिरकावून द्यावीशी वाटली.

"डॉक्टर," ते जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून हात वर करा. अंगठ्याएवढा जीव आहे. इथे मे महिना नाही काढायचा तो."

"भास्करराव, मलाही वाईट वाटतं. पण आज मी खोटा हात वर केला तर उद्या या वहीला कोण विचारील?"

"मग बाई, तुम्ही."

"मी? तीस वर्षं मुलींना सांगितलं, दिसतं ते लिहा. आता म्हातारपणी दिसत नाही ते लिहू?"

दोघंही चांगली माणसं. याचाच तर संताप येतो. वाईट असती तर भास्कररावांनी दोन शिव्या हासडून मोकळं केलं असतं.

पावणेबारा झाले. ऊन चटचटायला लागलं. पक्ष्याने घाई केली नाही, गयावया केली नाही. एवढंच म्हणाला, "तिकडे झाड धरायचं असतं, साहेब. उशीर झाला की चांगली झाडं जातात. पण हरकत नाही, तुमचा नियम आहे." बसस्थानकावर गर्दीत उभ्या असलेल्या, कधीच ओरडाआरडा न करणाऱ्या माणसाचीच गाडी नेहमी चुकते, हे भास्कररावांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं. त्यांचा तोल गेला.

"अहो, या पृथ्वीच्या पाठीवर," ते ओरडले, "अशी एक तरी वस्तू आहे का, जिच्या नावावर तुम्हा लोकांचं एकमत होईल? एक? एक दाखवा मला!"

सगळे दचकले. होनरावबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असं काय करता, भास्करराव? आता तुमचंच घ्या. तुम्ही भास्कर ओतारी, याबद्दल कुणाचं काही म्हणणं आहे का?" आणि त्यांनी हात वर केला. डॉक्टर म्हणाले, "मुळीच नाही," आणि त्यांनीही केला. मग बाकीच्या नऊ जणांनी शेजारी बघून केला. अकरा हात वर. भास्कररावांनी त्या हातांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बाराला चार मिनिटं कमी होती, आणि आपला बारावा हात वर केला.

मग त्यांनी टेबलाशी बसून वहीतली नोंद आणि तिची पोच लिहायला घेतली. नाव: भास्कर ओतारी. संख्या: एक.

"खुणा?" डॉक्टरांनी मागून विचारलं. कामात ते काटेकोर होते.

"रंग मातकट," भास्करराव लिहिता लिहिता म्हणाले. "डोक्यावर तुरा नाही. अंगावर ठळक खूण नाही. हंगामभर एकाच जागी बसून कुरकुर करतो."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "तंतोतंत."

भास्कररावांनी सही ठोकली, पोच फाडली आणि पक्ष्यापुढे धरली. पक्ष्याने ती वाचली.

"साहेब, यात नाव जरा—"

"चूक असली तर ऑक्टोबरात बघू. निघ तू आधी!"

पक्षी पोच पायाला गुंडाळून निघाला. बंधाऱ्यावरून एकदा खाली झुकला, मग वर चढला, आणि टेकडीपलीकडे दिसेनासा झाला. बारा वाजले. भास्कररावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी वही मिटून चक्क शीळ घातली.

होनरावबाई उरलेली थालीपिठं वाटत होत्या. अकरा जणांना अकरा दिली आणि डबा बंद केला.

"बाई, माझं?" भास्करराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "भास्करराव गेले हो. निघताना नीट निरोपसुद्धा घेतला नाही."

"त्यांचा स्वभावच तसा," डॉक्टर म्हणाले. "पण माणूस भला. ऑक्टोबरात येतील की."

"अहो, काय चाललंय काय तुमचं? मी इथे उभा आहे!"

डॉक्टरांनी वळून त्यांना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. "दिसता तसे," ते म्हणाले. "पण ओतारींची नोंद झालीय. संख्या एक. एकमताने. तेव्हा तुम्ही ते नव्हे, एवढं नक्की."

"मग मी कोण?"

"ते बघावं लागेल. मला कल्पना आहे, पण बाईंचं मत वेगळं पडेल. शिवाय बारा वाजून गेले."

"ती नोंद खोडा! आत्ताच्या आत्ता खोडा!"

"वहीत खाडाखोड चालत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "ओतारींचाच नियम होता. फार कडक होते त्या बाबतीत."

भास्कररावांनी कपाळाला हात लावला. पण वादात त्यांना जागाच सापडेना. नाव मान्य होतं, खुणा जुळत होत्या, वेळेच्या आत सही होती. अशी चोख पोच मंडळाने वर्षानुवर्षांत दिली नव्हती. त्यांनी वही, शाईचा डबा आणि उरलेल्या गुलाबी चिठ्ठ्या बाईंच्या पिशवीत ठेवल्या आणि भर उन्हातून पायी घरी आले. बेचाळीस अंश तरी असतील. शर्ट पाठीला चिकटला होता.

घरी शालनताई, त्यांची बायको, दारातच उभ्या होत्या. हातात फोन होता आणि डोळे लाल झाले होते. डॉक्टर चिंचोऱ्यांनी रीतसर कळवलं होतं.

"गेलात म्हणे," त्या म्हणाल्या.

"अगं, तसं लिहिलंय फक्त."

"तुम्ही लिहिलंत आणि चुकलंत असं झालंय का कधी?" शालनताईंनी पदराने नाक पुसलं. "हिमालयापलीकडे गेलात. चाळीस वर्षं मी म्हणत होते, एकदा बर्फ दाखवा, एकदा दाखवा. दर वेळी म्हणे सीझन आहे, जादा गाड्या सोडायच्यात. आणि वेळ आली तर एकटे निघून गेलात. दारात येऊन 'चल' म्हणायलाही सुचलं नाही तुम्हाला."

भास्करराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. सकाळपासून त्यांनी अकरा जणांशी वाद घातला होता. हिच्याशी घालायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती चुकीचं काही बोलतही नव्हती.

"घाईत झालं," ते म्हणाले. "चार मिनिटं होती हातात."

"स्वेटरही नाही नेलात." शालनताईंनी विचारलं, "थंडी आहे का हो तिकडे?"

भास्कररावांनी कपाळावरचा घाम बाहीने पुसला.

"आहे," ते म्हणाले. "सकाळची जरा जास्त असते."

"जपा मग." शालनताईंनी दार लोटायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबवलं. "आणि पुढच्या मार्चला संख्या दोन लिहा."

"लिहितो," भास्करराव म्हणाले.